कारंज्याला रोज एक तांब्या

नेरे गावची शेती गेली आणि आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी पनवेलात मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो. त्या वर्षांत इथं कारंज्यांचं खूळ आलं होतं. साड्यांच्या दुकानात कारंजं, दातांच्या डॉक्टरकडे कारंजं, वडेवाल्यानं पण गल्ल्याशेजारी एक मांडलेलं. प्लग लावला की पाणी खाली पडतं आणि तेच परत वर चढतं. सुनेनंही एक आणलं आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं.

हॉलमध्येच माझ्या बायकोची खाट होती. तिच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टरनं बजावलेलं, दिवसाला अर्धा लिटर पाणी, चहा-आमटी धरून. पाण्याची बाटली माझ्या ताब्यात. मी तिला झाकणानं पाणी द्यायचो.

"अवो, ता कारंजा बंद करा. आवाजानं जीव जातोय माजा."

"पानी प्यायलीस तर जाईल जीव. गप पड."

सुनेला एकदा सांगून बघितलं. ती म्हणाली, "बाबा, आईंना शांत वाटावं म्हणूनच तर आणलंय ना!"

प्लग मलाही काढता आला असता. नाही काढला. मला वाटायचं, हिला सवय व्हायला पाहिजे.

एका दुपारी मी संडासातून बाहेर आलो तर ती खाटेवर नव्हती. भिंतीला टेकून उभी, एक हात कारंज्यात. आठवड्याचं शिळं, बुळबुळीत पाणी. दोन घोट तरी पोटात गेले असतील. मी धावलो आणि तिच्या हातावर फाडकन मारली. पाणी लुगड्यावर सांडलं. तिनं तो ओला पदर तोंडात घातला. मी तोही ओढून काढला.

"लाज नाय वाटत? कुत्र्यावानी पितेस?"

"कुत्र्याला तरी पान्यावरनं कोन हाकलत नाय," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

त्यानंतर तिनं माझ्याकडे पाणी मागितलं नाही. मी झाकण पुढं केलं तर प्यायची, नाहीतर नाही. चौथ्या दिवशी सकाळी गेली. डॉक्टर म्हणाला, त्या दोन घोटांनी काही झालेलं नाही, हृदयच दमलं होतं. म्हणजे ते पाणी तिला प्यायला दिलं असतं तरी चाललं असतं.

नेऱ्याची माणसं आली. रिवाजाप्रमाणे एकेकानं तिच्या तोंडात पळीभर पाणी घातलं. भावकी, शेजारी, सगळे रांगेनं. पाणी गालावरून उशीत मुरत होतं. मीही घातलं. मला कुणी अडवलं नाही. कारंजं तेव्हाही चालू होतं, बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "किती छान आवाज येतो हो याचा."

आता तिथं खाट नाही, सोफा आहे. सून कामावर जाताना चपला घालता घालता सांगते, "बाबा, कारंज्यात तांब्याभर पाणी घाला हं आठवणीनं. पाणी कमी पडलं की मोटर जळते."

घालतो. अजून एक दिवस चुकलेलो नाही.