त्या तळ्यातून नदी निघते का

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर आमच्या दैनिकाने मला मिलानला पाठवले. तिथे यंत्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. चिंचवडच्या माळावर कारखान्यांची आखणी सुरू होती, तेव्हा वाचकांना यंत्रांची माहिती हवी असणार, असा संपादकांचा हिशोब होता. प्रदर्शन संपल्यावर यजमानांनी पाहुण्या पत्रकारांना आठवडाभर सुट्टी देऊ केली. कोणी व्हेनिस मागितले, कोणी समुद्र. मी तळी मागितली. यजमान खूश झाले आणि उत्तरेकडच्या प्रसिद्ध तळ्यांची चित्रे दाखवू लागले. मला ती नको होती. दुसऱ्या महायुद्धात आपल्या पलटणी रोमच्या वरच्या भागात लढल्या होत्या. मला तिथली तळी पाहायची होती.

कारण आमच्या गावी, निघोज्यात होते. आमच्या भावकीतल्या एका काकीचा थोरला मुलगा लढाईत इटलीत मारला गेला. त्याच्याच पलटणीतला कुरुळीचा एक शिपाई परत आला आणि दापोडीला एका वर्कशॉपात दरवान लागला. मित्राचे दहन त्यानेच केले होते. पलटण त्याच दिवशी पुढे निघणार होती, नदी शोधायला सवड नव्हती, म्हणून राख त्याने जवळच्या तळ्यात सोडली. रस्त्यावरच्या पाट्या काढून टाकलेल्या होत्या. गावाचे नाव त्याने काठावरच्या एका कोळ्याला खुणेने विचारले. कोळी म्हणाला, लागो. शिपायाने ते पाठ केले. निघोज्यात सगळे त्या जागेला लागोगाव म्हणत.

काकीची अडचण तळ्याची होती. इंद्रायणीत सोडलेले वाहून जाते, हे तिने सासू-सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या वेळी डोळ्यांनी पाहिले होते. तळ्यातले जाणार कुठे? काही तळ्यांतून नदी निघते, असे तिला कोणीतरी सांगितले होते. मी त्या मुलखात जाणार हे कळल्यावर तिने मला बोलावले.

"तिथं गेलास की येवढंच बघून ये, त्या तळ्यातनं नदी निघती का. निघत आसंल तर त्यो गेला म्हनायचं. न्हाई तर आजून तिथंच हाय."

प्रश्न साधा होता. बातमीदाराला याहून सोपे काम सहसा मिळत नाही.

रोममध्ये यजमानांनी मला एक दुभाषी दिले. निवृत्त शाळामास्तर, इंग्रजी बरे, स्वभावाने शांत. स्टेशनवर खिडकीशी मी स्वतःच पुढे झालो आणि लागोचे तिकीट मागितले. आतला कारकून काहीतरी बोलला आणि मागची रांग हसली. मी मास्तरांकडे पाहिले.

"तो विचारतोय, पोहायला जायचंय की मासे धरायला," मास्तर म्हणाले. मग त्यांनी सांगितले की लागो म्हणजे तळे. गावाचे नाव नव्हे. देशातले प्रत्येक तळे लागोच.

रांग खोळंबली होती, म्हणून आम्ही बाजूला झालो. शिपायाच्या बोलण्यातून माझ्याकडे आता एवढेच उरले होते: रोमच्या वरचे तळे, काठाला बोरूसारखे गवत, कोळ्यांचे गाव, आणि पाण्यात एक बेट. बेट तो दर वेळी सांगायचा.

पहिले तळे ब्राच्चानोचे. गोल, निळे, वर टेकडीवर किल्ला, खाली खुर्च्या टाकून बसलेले सुट्टीवरचे लोक. बेट नव्हते. आम्ही तासाभरात परत फिरलो. मास्तरांना वाईट वाटले. तिथला मासा मी खायला हवा होता, असे त्यांचे मत पडले.

दुसरे बोल्सेनाचे. तिथे दोन बेटे होती, कोळ्यांचे गाव होते, दगडांवर कपडे धुणाऱ्या बाया होत्या. जाळी दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्याला मास्तरांनी विचारले. हिंदी सैनिक आले होते का? आले होते. त्याने दोन्ही तळहातांवर भाकरी थापून दाखवली. दहन वगैरे? ते त्याला माहीत नव्हते. पलीकडच्या काठाला मार्ता नावाचे गाव आहे, तिथून त्याच नावाची नदी तळ्यातून बाहेर पडते आणि समुद्राला मिळते. मी पुलावर उभा राहून ती पाहिली. पाणी स्वच्छ आणि ओढीचे होते. पुलाखाली कोणीतरी भाज्यांची देठे टाकली होती, ती वाहत चालली होती.

तिसरे त्रासिमेनोचे. सर्वांत मोठे, उथळ, काठाने बोरूसारखे गवत दाट. बेटे तीन, पण कोळ्यांच्या एका गावातून पाहिले की एकच नजरेत भरते. इथेही हिंदी सैनिक येऊन गेले होते, आणि मोठी लढाई याच बाजूला झाली होती. इथेही एका बाईने हातावर भाकरी थापून दाखवली. संध्याकाळी पाणी गुलाबी झाले, ऑलिव्हच्या झाडांवरून वारा आला. सुट्टीसाठी याहून चांगली जागा सांगता येणार नाही.

त्रासिमेनोतून नदी निघत नाही. चारी बाजूंनी टेकड्या आहेत. पाणी फार चढले तर जावे म्हणून लोकांनी डोंगरातून बोगदा खोदलेला आहे. मास्तर मला तिथे घेऊन गेले. त्या काळात तळे आटत चालले होते. होड्या चिखलात कलंडल्या होत्या आणि बोगद्याचे तोंड पाण्यापासून बरेच दूर, कोरडे पडले होते. त्यात कोणाची तरी कोंबडी चरत होती.

परतल्यावर पहिल्या रविवारी मी निघोज्याला गेलो. शिपाई पाळी संपवून दापोडीहून सायकलवर आला. काकी होती, तिचा दीर होता. मी लागोचा अर्थ सांगितला. दीर शिपायाकडे वळला.

"म्हंजे राव, तू तळ्याला इचारलंस, तुजं नाव काय, तर ते म्हनलं तळं."

"मी गावाकडं बोट केलं व्हतं," शिपाई म्हणाला. "त्यो पान्याकडं बघत व्हता."

मग मी तिन्ही तळी क्रमाने सांगितली. एकाला बेट नाही, ते सोडून द्यावे. एकात दोन बेटे आहेत आणि नदी निघते. एकात बेटे तीन, पण काठावरून एक दिसते, आणि नदी निघत नाही. यातले कोणते, हे मला ठरवता आले नव्हते. तिथेही कोणाला सांगता आले नव्हते.

शिपाई म्हणाला, "दोन व्हती काकी. आत्ता डोळ्याम्होरं आलं. दोन बेटं."

"आजवर एकच व्हतं," काकी म्हणाली.

"धूर लई व्हता. एक झाकलं आसंल."

"आसंल."

तिने त्याच्यापुढे चहाची कपबशी सरकवली. त्याने ती घेतली नाही. दीर उठून बाहेर गेला. काकी माझ्याकडे वळली आणि बोगद्याचे विचारू लागली. किती मोठा, कुठवर जातो, पलीकडे नदी आहे का. मी सांगितले, पलीकडे ओढे आहेत, ते पुढे रोमवरून वाहणाऱ्या नदीला मिळतात.

"मग त्यातनं पानी जातं?"

"तळं भरलं की जातं."

"तू गेलास तवा?"

"कोरडं होतं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. म्हणाली, "पाऊस झाला म्हंजे जाईल मग."

पुढची काही वर्षे मी निघोज्याला गेलो की ती दोन बेटांविषयी काही विचारायची नाही. इटलीत पाऊस झाला का, एवढेच विचारायची. आमच्या कचेरीत जगभरच्या बातम्या तारेने येतात, हे तिने ऐकले होते. येत होत्याही. इटलीतून मंत्रिमंडळे पडल्याच्या यायच्या, संपाच्या यायच्या. पावसाची कधी आली नाही. तारयंत्रावर बसणाऱ्या सहकाऱ्याला मी सांगून ठेवले होते. त्याने कारण विचारले नाही आणि त्यालाही काही मिळाले नाही.

एकदा तिने स्पष्टच विचारले, येवढं यंत्र हाय, मग येत का न्हाई? मी म्हणालो, नुसता पाऊस ही बातमी होत नाही. पूर आला, गाव वाहून गेलं, माणसं दगावली, तर ते आमच्यापर्यंत येईल.

तिने हातातले काम थांबवले.

"तसं नगं," ती म्हणाली. "कळलं न्हाई तरी चालंल. बारकाच पडू दे."