बरणीतला खडा

कानबाराबाई आमच्या टोकियोच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या जुन्या नर्स. यकृताचं ऑपरेशन असलं की सोनोग्राफीची ती बोटाएवढी कांडी डॉक्टरांना देण्याआधी त्या तळव्यांत धरून ऊबदार करायच्या.

"अहो बाई, पेशंट बेशुद्ध आहे!" नागुमो डॉक्टर चिडवायचे.

"त्याचं यकृत कुठं बेशुद्ध आहे?"

चित्र स्पष्ट यावं म्हणून बाई उघड्या यकृतावर कोमट पाणी सोडायच्या, कांडी त्यावरून फिरायची आणि हाताला न लागणाऱ्या गाठी पडद्यावर दिसायच्या. फारच दिसल्या तर पोट तसंच शिवून टाकायचे. त्या काळी आमच्याकडे कर्करोग झालाय हे घरच्यांना सांगत, आजाऱ्याला नाही. त्याला 'हा निघाला' म्हणून पित्ताचा खडा दाखवायचा. त्यासाठी दुसऱ्यांचे खडे बाई धुऊन बरणीत ठेवत. मी त्यांच्या हाताखालची नवी नर्स, मला ते खोटं मुळीच पटायचं नाही.

"मग तू जा आणि सांग," त्या फटकारायच्या.

पुढे गाठ बाईंनाच झाली. त्यांचा नवरा शिगेझो तातामी चटया बनवायचा, अगदी अबोल माणूस. तो डॉक्टरांपुढे कमरेत वाकला. "हिला काही कळू देऊ नका." बाईंना खडा झालाय असंच सांगितलं.

त्या दिवशी पाणी सोडायला मी होते. हाताला एकच गाठ लागत होती, काढण्यासारखी. कांडी पुढे सरकली आणि पडद्यावर आणखी दिसू लागल्या, काही तर मोठ्या शिरेला चिकटलेल्या. डॉक्टरांनी कांडी खाली ठेवली.

"शिवू या," ते म्हणाले. मास्कच्या आत मी रडत होते.

बाई शुद्धीवर आल्या तेव्हा शिगेझोने डॉक्टरांनी दिलेली बाटली पुढे केली. "बघ, केवढा निघाला!"

खडा त्यांच्याच बरणीतला होता, एका बाजूने टवका उडालेला. बाईंनी तो उजेडात धरून नीट पाहिला.

"अगंबाई! म्हणून एवढं दुखत होतं होय!"

शिगेझो कितीतरी दिवसांनी हसला आणि चहा आणायला गेला. बाईंनी माझा हात धरला. "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस हं. त्याला खोटं बोलता येत नाही गं. आयुष्यात पहिल्यांदा जमलंय."

हिवाळ्यात बाई गेल्या. अंत्यविधीनंतर शिगेझोने मला बाजूला घेतलं.

"शेवटपर्यंत तिला कळलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मला सारखी भीती वाटायची, माझं तोंड बघूनच ती ओळखेल," तो म्हणाला, आणि मग मोकळेपणी रडला.