शनिवारी ऐकलेलं कीर्तन
तिळाच्या तेलाच्या दिव्याचा वास आला की रोह्यातलं ते बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, घर आठवतं. हरिदासी थाटात मोशेची कथा सांगणाऱ्या त्यांच्या मराठी कीर्तनांचा मी अभ्यास करत होते, आणि ती गाणारी तिथे एकच म्हातारी उरली होती. मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तीही लेकाकडे इस्रायलला कायमची निघणार होती. मी पेणहून माझी सुट्टी बघून गेले, वार बघायचा राहिला. मोबाइल काढताच ती म्हणाली, "आज शनवार हाय गो, आमचा शब्बाथ, इसाव्याचा वार. यंत्र नाय, लिवणं नाय." "आजी, उद्या तुम्ही नसाल!" मी रडकुंडीला आले. "मग कान उघडे ठेव." ती गायली आणि मी सवयीने कडवी बोटांवर मोजत राहिले; बावीस भरली. स्टँडवर वही उघडली, तर चारच आठवली. वहीत आजही बावीस आकडे आहेत. त्यांतल्या अठरा आकड्यांपुढे काहीच नाही.