डावा काठ हलका

माझ्या मामेसासऱ्यांनी आजवर एकही वस्तू सरळ विकत घेतलेली नाही. जगातली प्रत्येक वस्तू सदोष आहे असं ते आधी धरून चालतात, मग तिच्यावर खटला भरतात आणि पुराव्याअभावी ती सुटली तर नाइलाजाने घरात घेतात. बेळगावात वडगावच्या एका गल्लीत त्यांचं घर आहे, घरामागे शेड आहे आणि शेडमध्ये साड्या विणणारे यंत्रमाग आहेत. हयातभर त्यांनी साडी उजेडात धरून तिच्यात खोट शोधली. पुढे ती सवय साडीपुरती राहिली नाही. नवी छत्री आणली की मामींनी ती उघडून न्हाणीत उभं राहायचं आणि मामांनी वरून बादली ओतायची. प्लास्टिकची खुर्ची आणली की गल्लीतल्या सर्वांत वजनदार गृहस्थांना चहाला बोलावून तिच्यावर बसवायचं आणि चहा संपेपर्यंत खुर्चीच्या पायांकडे बघत राहायचं. त्या गृहस्थांना या घरातल्या अगत्याचं खरं कारण अजून समजलेलं नाही. मामांच्या खिशात एक पांढरा रुमाल कायम ओला असतो. तो साडीवर घासून रंग जातो का ते बघायचं असतं, पण तो शेजाऱ्याच्या नव्या मोटारीवरही घासून झालेला आहे. मोटार निर्दोष ठरली. शेजारी मात्र त्यानंतर महिनाभर बोलत नव्हता.

या चौकशीतून मलाही जावं लागलं. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा बाकीची मंडळी शिक्षण, पगार, मूळ गाव विचारत होती. मामा उठले, माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर उलटून बघितली. "वरनं समदंच चांगलं दिसतंय. माल उलटा करून बगायचा असतोय," ते जमलेल्या मंडळींना म्हणाले. कॉलर आतून विरलेली नव्हती. लग्न ठरलं. मी वर्तमानपत्रात काम करतो हे त्यांच्या नीट लक्षात आलं ते लग्नानंतर. तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "आदी कळलं असतं तर शाई लागलीया काय म्हनून बाही बी बगितली असती."

अशा माणसाला इअरबड्स भेट देण्याचं धाडस त्यांच्या मुलीने केलं. ती बंगळुरूला नोकरी करते. गेलं वर्षभर तिची एकच तक्रार होती, की आप्पा फोनवर बोलत नाहीत. "जेवलो. बरं हाय. ठेवतो," एवढ्यात संवाद आटोपतो. तिचं वाक्य निम्म्यात असतानाच पलीकडून "व्हय, व्हय" येतं. एकदा ती तापाने अंथरुणाला खिळली असल्याचं सांगत होती, तर "झकास, झकास" असं उत्तर आलं. त्या दिवशी तिने मला फोन केला. "दाजी, आप्पांना ऐकू कमी यायलंय. डॉक्टरचं नाव काढलं की फोनच ठेवतात. अशानं मी त्यांच्याशी कधी बोलायचं?" तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. घरात कानाच्या यंत्राचा विषय काढायची सोय नव्हती. कानाला यंत्र लावणारे लोक म्हातारे असतात आणि आपण म्हातारे नाही, ही मामांची भूमिका पक्की होती. म्हणून तिने नामांकित कंपनीचे, महागातले, बिनतारी इअरबड्स बेळगावातल्याच एका दुकानातून घरी पोचते केले आणि निरोप ठेवला, "आप्पा, रोजच्या वापराला चांगले आहेत का, ते तुम्ही वापरून सांगा." या निमित्ताने वडील आपलं बोलणं पुरतं ऐकतील, एवढाच तिचा हेतू होता. परीक्षक म्हणून नेमणूक झाली की मामा नाही म्हणणार नाहीत, हा तिचा अंदाज बरोबर निघाला. परीक्षा कुठवर जाईल याचा अंदाज मात्र तिला नव्हता.

मामा इअरबड्सना गुंड्या म्हणत. पहिल्या दिवशी गुंड्या कानात गेल्याच नाहीत. पांढऱ्या डबीवर पांढरा रुमाल घासून रंग पक्का असल्याचं ठरलं. डबीचं झाकण सकाळभर उघडमीट करून झालं. गुंड्यांची रबरी टोकं दोन बोटांत धरून, सुताला पीळ किती आहे ते बघावं तशी चोळून झाली. मग पकड. रोजच्या वापरात माणूस जेवणार, तेव्हा जबडा हलणार, म्हणून मामांनी दोन्ही गुंड्या कानात घालून भाजलेल्या शेंगा खाल्ल्या, आणि टरफलांचा ढीग झाला तरी गुंड्या जागेवर असल्याचं पाहून काहीसे निराश झाले. रोजच्या वापरात माणूस शिंकणार, म्हणून निपाणीच्या एका पाहुण्याकडून तपकीर मागवली गेली. मामांना तपकिरीची सवय नाही. चिमूट जरा मोठी झाली. त्या शिंका गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेल्या आणि समोरच्या घरातून कुणीतरी काय झालं ते बघायला आलं. गुंड्या हलल्या नाहीत. डोळे पुसत मामा म्हणाले, "पकड झकास. शिंक संपली, पर गुंडी न्हाय निगाली."

यात बाहेरचा आवाज बंद करण्याची सोय आहे असं मुलीने फोनवर सांगितलं होतं. मामांच्या ते कितपत कानी पडलं ते सांगता येत नाही, पण मामींनी समजावल्यावर ते स्कूटरवरून थेट सांबऱ्याला गेले आणि विमानतळाच्या कुंपणापाशी विमानाची वाट बघत उभे राहिले. विमान डोक्यावरून गेलं. मामांनी समाधानाने मान हलवली. तिथल्या शिपायाने त्यांना काय विचारलं ते त्यांना ऐकू आलं नाही, हाही त्यांनी गुंड्यांच्याच बाजूचा पुरावा धरला. परत येऊन ते शेडमध्ये शिरले आणि तसेच उलट्या पावली बाहेर आले. "लाईट गेली काय गं?" त्यांनी अंगणातूनच ओरडून विचारलं. वडगावात माग थांबले की वीज गेली असं समजायचं असतं. मामींनी खिडकीतून शेडकडे बोट केलं. सगळे माग चालू होते. मामा पुन्हा दारात गेले आणि बराच वेळ आवाज नसलेले माग बघत राहिले. "धोटा पळतोय, कापड सरकतंय, आनि आवाजच न्हाय. माग असून नसल्यागत," असं ते मला नंतर म्हणाले. त्यांना ते आवडलं नव्हतं, पण गुण द्यायचे म्हणून दिले.

इतकं सगळं उत्तम असूनही निकाल विरुद्ध गेला. डाव्या गुंडीतून आवाज जवळजवळ येतच नव्हता. मामांनी ज्या भाषेत आयुष्यभर निकाल दिले त्याच भाषेत हाही दिला, "डावा काठ हलका." साडीचे दोन्ही काठ सारखे भरले नाहीत तर मधलं कापड कितीही देखणं असो, मामा ती साडी बाजूला टाकतात. मुलीची भेट म्हणून सवलत देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी डबी उचलली आणि दुकान गाठलं. दुकानदार कन्नड भाषक, सौम्य स्वभावाचा माणूस. त्याने गुंड्या पुसून स्वतःच्या कानात घातल्या, गाणं लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "एरडू सरी अदाव री, अण्णा." दोन्ही ठीक आहेत.

"तुमच्या कानाला ठीक असतील. घालायच्यात मला."

"अण्णा, यात काय सुदीक दोष न्हाय बगा."

"मग मी काय खोटं बोलाय आलोय वडगावास्नं?"

दुकानदाराने वाद घातला नाही. कंपनीशी बोलून त्याने जोडी बदलून दिली. मामा नवी जोडी घेऊन आले, रुमालापासून शिंकेपर्यंत सगळं पुन्हा झालं, आणि डावा काठ पुन्हा हलका निघाला.

मामांना राग आला असेल असं वाटलं होतं, पण ते खुशीत होते. त्यांनी मला निरोप धाडला, की पेपरात द्यायला विषय आहे, ताबडतोब यावं. मी गेलो तेव्हा ते शेडमध्येच होते. माग पूर्ण वेगात चालू होते, त्यामुळे आमचं सगळं बोलणं एकमेकांच्या तोंडाजवळ ओरडून झालं. कंपनी लोकांना एका बाजूचाच माल देते आणि दोन्ही बाजूंचे पैसे घेते, असा एकूण आरोप होता. मी डावी गुंडी मागून घेतली, शेडबाहेर जाऊन कानात घातली. त्यात कुणी बाई भजन म्हणत होती. टाळ वाजलेला ऐकू आला, आणि ओळ संपल्यावर तिने श्वास घेतला तोही. मी उजवी घालून बघितली. तेच, तितकंच.

परत आत येऊन मी ओरडलो, "मामा, मला तरी दोन्ही सारख्याच वाटतात."

"पावणं, तुमास्नी काठातलं काय कळतंय!" मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता नीट ऐका. एका साडीत खोट आली तर सुताची म्हनायची. दुसऱ्या साडीत बी त्याच जाग्याला खोट आली, तर मग सूत बदलून उपेग न्हाय. मग माग बगायचा. खोट मागात असती. ह्येंचा माग बिगडलाय. दोन जोड्या आल्या, दोन्हीत डावाच. छापा ह्ये."

नियम बिनचूक होता. खोट खरी कुठे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मुलीला होतं, दुकानदारालाही एव्हाना कळलं असणार, आणि कुणालाच ते उच्चारता येत नव्हतं.

मामी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं की मामांच्या ओठांवरून वाचलं ते मी सांगू शकत नाही. शेडमध्ये काम करणारी माणसं आवाजाने बोलत नाहीत. आवाज मागाच्या खडखडाटात बुडतो, म्हणून ओठ आणि हात बोलतात, आणि या भाषेत मामांचं एक अक्षर चुकत नाही. मामींनी ट्रे खाली ठेवला. मामांसमोर येऊन त्यांनी दोन बोटं वर केली, मग त्याच बोटांनी आपल्या डाव्या कानाला दोनदा शिवलं. मामांनी जोरात मान हलवली, तेच तर मी म्हणतोय. मग मामींनी चालत्या मागाच्या चौकटीवर तळवा ठेवला. मामांनी पुन्हा मान हलवली. मामींनी तोच तळवा उचलला आणि मामांच्या डाव्या कानावर ठेवला. माणसांदेखत मामांना हात लावताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले, ते मलासुद्धा वाचता आले. "माल चांगला हाय."

मामा भिंतीपाशी गेले, आणि कुठेही सूत तुटलेलं नसताना त्यांनी एकेक करून सगळे माग बंद केले. गल्लीतून कुणीतरी "लाईट गेली काय रं?" असं ओरडलं. मामा पाठमोरे उभे होते. साध्या आवाजात ते मला म्हणाले, "छापू नगा."

त्यानंतर ते डॉक्टरकडे गेले, पण कुणी नेलं म्हणून नव्हे. टिळकवाडीतला कानाचा एक डॉक्टर कसा आहे ते जरा बघून येतो, असं सांगून ते एकटेच गेले. तिथे आवाजबंद खोलीत बसण्याआधी त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या आणि दाराची फट तपासली. डॉक्टर पास झाला. डावा कान मागाच्या आवाजाने गेलेला आहे आणि तो परत यायचा नाही, उजवा जपला तर राहील, हे त्याने सांगितलं. मामांनी घरी येऊन अहवाल दिला तो असा, "मानूस खरा हाय. गोड बोलून पाठवत न्हाय." शेडमध्ये ते आता कानात जाड बोळे घालून जातात. कोणते बोळे चांगले याचं त्यांचं संशोधन अजून चालू आहे आणि त्यात मामींच्या दोन उशा उसवल्या गेल्या आहेत.

गेल्या महिन्यात संध्याकाळी मी गेलो तेव्हा मुलीचा फोन आला. अंगणातल्या बाकावर मामा आणि मामी शेजारी बसली होती. मामांनी डबी उघडली, उजवी गुंडी आपल्या कानात घातली आणि डावी मामींच्या हातात दिली. मामींनी ती पदराखालून आपल्या डाव्या कानात बसवली. बोलणं बराच वेळ चाललं. मुलीचं मला काही ऐकू येत नव्हतं. ती काहीतरी विनोदी सांगत असावी, कारण दोघं एकदमच हसली. तिच्या ऑफिसातल्या कुणाबद्दल मामांनी दोन नेमके प्रश्न विचारले, आणि उत्तरं पुरी ऐकून घेतली. मग तिने निकाल विचारला असणार. मामा सरळ बसले आणि मोठ्याने म्हणाले, "रोजच्या वापराला चालंल गं. पर त्याला तू रोज फोन कराय पायजेस."

त्यानंतर पलीकडून काहीच आलं नसावं. मामांनी कानातली गुंडी दाबून बघितली, डबीकडे बघितलं, आणि खोट काढायच्या जुन्या सवयीने "बंद पडलं ह्ये," असं पुटपुटत गुंडी काढायला हात वर नेला. मामी कान देऊन काहीतरी ऐकत होत्या; त्यांनी तो हात मनगटाशीच धरला.

"ऱ्हाऊ द्या," त्या हळू म्हणाल्या. "चालू हाय."