हिरव्या शिंगांची डॉक्टर

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात किस्से शेणासारखे साचतात. आज उचलावेत, तर उद्या तेवढाच ढीग! निफाडच्या रस्त्याला दोन खोल्या. वाघचौरे सर मोठे डॉक्टर, लताबाई कंपाउंडर, आणि मी नाशिकहून आलेली नवी डॉक्टर. डिग्री ताजी, अनुभव शून्य.

*

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांसमोर ओळख करून दिली, "ही आमची ग्रीनहॉर्न!"

मी कसनुसं हसले. सरांना शब्दांचा भारी नाद. म्हणाले, "अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. जुन्या इंग्रजीत ज्याला नुकतीच कोवळी शिंगं आलीत, त्या बैलाला म्हणायचे ग्रीनहॉर्न. ग्रीन म्हणजे इथे हिरवं नाही, कच्चं. मग सैन्यातल्या नव्या भरतीला म्हणायला लागले, आणि पुढे कुठल्याही नवख्याला."

बाकावर म्हशीचं औषध न्यायला आलेले निवृत्तीअण्णा बसले होते. ते गंभीरपणे म्हणाले, "म्हंजी आल्या आल्याच मॅडमला शिंगं फुटली म्हना की!"

*

निवृत्तीअण्णांच्याच गोठ्यावर माझं पहिलं इंजेक्शन. सिरिंज भरली खरी, पण हात असा थरथरत होता की सुई गाईभोवती नुसती फिरतेय. मी अण्णांना म्हटलं, "घट्ट धरा हं, उसळेल."

अण्णांनी गाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गाय शांत हाय, मॅडम. तुमाला धरू का?"

*

एकदा मी विचारलंच, "सर, तुम्हीही कधी ग्रीनहॉर्न होता का?"

सर तरुण असताना त्यांनी एका म्हशीला तपासून छातीठोकपणे सांगितलं होतं, "गाभण आहे!" मालकाने गावभर पेढे वाटले. दिवस भरले, उलटले, म्हैस आपली निवांत रवंथ करतेय. मालक रोज दारात येऊन नुसता उभा राहायचा. सर म्हणाले, "त्याच्या भीतीने मी घराच्या मागच्या दाराने जायचो. तेव्हाच 'बहुधा' हा शब्द शिकलो!"

*

मागच्या महिन्यात सरांनी सोनोग्राफीचं मशीन घेतलं. साठी उलटलेली, तरी माझ्या शेजारी स्टूल ओढून वहीत बटणं लिहून घ्यायचे. चुकलं की कान लाल! लताबाई दारातूनच म्हणाल्या, "शिंगं मोडून वासरात शिरले आमचे सर."

*

आणि परवाचं.

एका वस्तीवरून फोन आला, गाय अडलीय. सर लताबाईंना घेऊन ओझरला एका बैलाच्या ऑपरेशनला गेलेले, म्हणून मी एकटीच गेले. पार्वताबाईंच्या दारात एकुलती एक गाय. हात घालून पाहिलं, वासराचा एक पाय मागे दुमडलेला. सरांना फोन लावला, तो लताबाईंनी उचलला. "आत आहेत, बाहेर आले की सांगते."

पार्वताबाईंनी विचारलं, "पयलीच येळ का?"

"हो, पहिलारू दिसतेय."

"गायीचं मला ठावं हाय. तुमचं इचारते."

खोटं बोलवेना. "हो," म्हटलं.

त्यांनी पदर खोचला, एक हात गाईच्या पाठीवर ठेवला आणि दुसरा माझ्या. "धीर धर गं बाई," म्हणाल्या. कुणाला, ते कळलं नाही.

गाय कळ द्यायची तेव्हा थांबायचे, कळ ओसरली की वासरू मागे ढकलायचे. खांदा बधिर झाला. शेवटी खूर मुठीत आला, पाय सरळ झाला आणि कालवड बाहेर आली. पण हालेचना! नाकातोंडातलं पुसलं, गवताची काडी नाकात फिरवली, अंग खसाखसा चोळलं. माझेच श्वास मला ऐकू येत होते.

कालवड शिंकली.

मी तिथेच शेणात बसले. तेवढ्यात फोन वाजला. सर घाईघाईने म्हणाले, "काय झालं? माय-लेकरू बरं आहे ना?"

मी म्हटलं, "तिघी बऱ्या आहेत, सर."