घरतबाईंचं टेबल

गाडीतली मॅट उचलली की खाली वाळू सापडतेच. कितीही झाडा, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढीच. पोलिस स्टेशनातले किस्सेही असेच साठतात. मी सव्वीस वर्षं पोलिसांची गाडी चालवली, त्यातली शेवटची सहा पनवेलच्या एका स्टेशनात. कुठल्या ते विचारू नका, जेवायला घातलंत तरी सांगणार नाही!

चोरांचे किस्से सगळेच सांगतात. माझ्याकडचे पोलिसांचे आहेत, आणि सगळे एकाच टेबलावरचे.

ते टेबल घरतबाईंचं. हवालदार सुलभा घरत, आमच्या ठाणे अंमलदार. म्हणजे दारातच बसून येणाऱ्याची तक्रार लिहून घेणाऱ्या आणि स्टेशनात दिवसभर जे घडेल ते डायरीत नोंदवणाऱ्या. वडील उरणकडच्या मिठागरावर राबलेले, बोली पक्की आगरी. खात्यात बायकांना मॅडम म्हणतात. ह्यांना मात्र सगळे बाई म्हणायचे, कारण समोर उभं राहिलं की गृहपाठ राहिल्यासारखं वाटायचं.

रिटायरमेंटला दोन वर्षं होती. बाईंची इच्छा एकच, नोकरीचा शेवटचा दिवस ह्याच टेबलावर भरावा. पण वागणं असं, की त्या टेबलाचं रोज काही खरं नसायचं.

* * *

आमचा एक कॉन्स्टेबल रोज हेल्मेटशिवाय बाइक उडवत यायचा. दिवसभर नाक्यावर लोकांची हेल्मेटं तपासायची आणि स्वतः मोकळ्या केसांनी फिरायचं!

एक दिवस बाईंनी फाटकात उभं राहून त्याचा फोटो काढला आणि ट्रॅफिकवाल्यांना पाठवला. संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर चलान आलं. तो तणतणत टेबलाशी आला.

"बाई, अहो, आपलंच खातं ना?"

"म्हनून तर लगेच आला. बाहेरच्यांना चार दिवस लागतात."

"ही काय पद्धत झाली?"

बाईंनी समोरची खुर्ची पुढे ओढली. "तक्रार हाय? बसा, लिवून घेते."

* * *

पुढचा किस्सा माझाच. लपवून काय करू?

स्टेशनच्या बाजूला फरीदाआपांची बेकरी आहे. मी सावली बघून जीप बरोबर त्यांच्या दारात लावायचो. त्यांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा मान हलवली. तिसऱ्या दिवशी आपा थेट बाईंसमोर. मी तिथंच बाकावर पेपर वाचत बसलो होतो.

"बाई, गाडीवर नाव पोलिसांचं. गिऱ्हाईक दारातूनच परत जातंय. आम्ही जायचं कुणाकडे?"

"इथंच यायचा," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता माझं नाव, बक्कल नंबर, गाडीचा नंबर सगळं लिहिलं.

मी उठून हात जोडले. आपा विरघळल्या. "जाऊ दे बाई, भाईजाननी माफी मागितली. लिहू नका."

"माफी त्यानं मागायची, नोंद मी करायची. दोन येगली कामा हायत."

दुसऱ्या दिवशी आपांनी नानखटाईचा डबा पाठवला. आम्ही तुटून पडलो. बाईंनी आपली नानखटाई कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हणाल्या, तक्रार निकाली निघेपर्यंत तक्रारदाराचं काही खायचं नाही. मला समज मिळून प्रकरण बंद व्हायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी बाईंनी ती मऊ पडलेली नानखटाई खाल्ली आणि आपांना निरोप धाडला, "झकास झालेली!"

* * *

लॉकअपच्या पॅसेजमध्ये कॅमेरा बसवला होता. आत कुणावर हात उचलला तर दिसावा म्हणून. एक दिवस त्या कॅमेऱ्यावर टॉवेल दिसला. वाळत घातलेला! लाल, पट्ट्यापट्ट्यांचा.

बाईंनी विचारलं, "कोनाचा?" सगळे भिंतीकडे बघायला लागले.

बाईंनी डायरीत लिहिलं: "दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी लॉकअपसमोरील कॅमेऱ्यावर टॉवेल मिळून आला. टॉवेल ओला. मालकाचा शोध सुरू." मग टॉवेल घडी करून, चिठ्ठी लावून, जप्त मालाच्या खोलीत जमा केला.

टॉवेल कुणाचा ते सगळ्या स्टेशनाला माहीत होतं. पण घ्यायला जायचं तर सही करावी लागणार! तो हवालदार महिनाभर रुमालानं अंग पुसत होता.

* * *

आता जरा अवघड किस्सा.

न्हावा शेव्याहून निघालेला एक कंटेनर रोडपालीच्या वळणावर आडवा अडकला. तासभर ट्रॅफिक तुंबलं. आमचे सबइन्स्पेक्टर कदम साहेब तिथं पोचले. वय तिशीचं, कामाला वाघ, पण डोकं गरम. ड्रायव्हर पन्नाशीचा, उलट बोलला. साहेबांनी त्याला स्टेशनात आणलं आणि सगळ्यांदेखत पट्ट्यानं मारलं. त्याच्या कानातून रक्त आलं.

बाई टेबलावरून उठल्या नाहीत. उठायची गरजही नव्हती, कारण मधलं दार उघडं होतं आणि सगळं तिथूनच दिसत होतं.

कदम साहेब बाहेर येऊन म्हणाले, "पाय घसरून पडला म्हणून घ्या, बाई."

बाईंनी आधी ड्रायव्हरला दवाखान्यात पाठवलं आणि मग कॉम्प्युटरवर टाइप करायला बसल्या. तेवढ्यात मोठे साहेब, म्हणजे आमचे सीनियर इन्स्पेक्टर, धावत आले.

"घरतबाई, थांबा. घाई नको. आपण बसून, विचार करून लिहू."

बाईंनी एक बटण दाबलं. डायरीतली नोंद एकदा पक्की झाली की पुसता येत नाही, हे साहेबांनाही ठाऊक होतं.

"सेव केला, साहेब."

* * *

चौकशी लागली. बाहेरून एक अधिकारी आले, बारीक आवाजात बोलणारे. त्यांनी एकेकाला आत बोलावलं. मारहाण झाली तेव्हा तुम्ही कुठे होता?

पहिला म्हणाला, चहाला गेलो होतो. दुसराही चहाला. असे आम्ही नऊ जण चहाला! हो, नववा मी.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "त्या टपरीवर बाकडी किती?"

"एक, सर."

"मग नऊ जण बसलात कसे?"

मी म्हणालो, "उभे होतो, सर." माझं मलाच इतकं शरमल्यासारखं झालं की काय सांगू.

बाईंना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी टेबलावर होते. टेबल सोडून जाता येत नाय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, "बाई, मी खोटं बोललो."

"मना कशाला सांगतोस? त्या साहेबांना लेखी दे."

दिलं. तीन ओळींचा कागद, पण लिहायला दीड तास लागला. आधी निलंबन, मग एक वेतनवाढ बंद, असं कदम साहेबांचं झालं. त्यांना दुसरीकडे पाठवलं. आणि इकडे बाईंशी बोलणं सगळ्यांनी बंद केलं. जेवताना त्या टेबलावर एकट्याच. मग माझ्याशीही बोलणं बंद झालं, तेव्हा आम्ही दोघं डबा एकत्र खायला लागलो. बाईंच्या हातचं सुकटीचं कालवण काय सांगू तुम्हाला! माझ्या बायकोला कळवू नका.

* * *

शेवटी जे व्हायचं तेच झालं. मोठ्या साहेबांनी बाईंची बदली करवली, मुख्यालयात, कागद लावायच्या कामावर. रिटायरमेंटला आठ महिने राहिलेले. आदेश आला, दुपारी बारा वाजता कार्यमुक्त.

त्या सकाळी बाई चार्ज देत होत्या. शिक्के, किल्ल्या, रजिस्टरं, एकेक मोजून समोरच्याची सही घेत होत्या. आवाज नेहमीचाच होता. मला मात्र तिथं उभं राहवेना, म्हणून मी साहेबांच्या केबिनच्या दाराशी जाऊन थांबलो.

तेवढ्यात कदम साहेब आले. साध्या कपड्यांत. सोबत त्यांचा धाकटा भाऊ, सुकापूरला राहणारा, एका क्लासमध्ये गणित शिकवणारा. त्याचा ओठ फाटलेला, मनगटाला बँडेज. दुसऱ्या एका स्टेशनच्या लोकांनी नाकाबंदीत गाडीचे कागद दाखवण्यावरून त्याला मारलं होतं. दोघं सरळ केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं.

"अरे कदम, ये, बस!" मोठे साहेब म्हणाले. "काय हे! थांब, मी तिथल्या साहेबांना फोन लावतो. आपली माणसं आहेत, आपसात मिटवू."

"फोन नको, सर. तक्रार द्यायचीय."

"ती आपली हद्द नाही रे."

"हद्द नसली तरी झिरो नंबरनं कुठल्याही स्टेशनात घेता येते, सर."

साहेबांनी चष्मा काढला. "बरं. बाहेर नवीन अंमलदार येतोय. त्याला सांगतो, नीट लिहून घेईल."

"घरतबाईंकडे द्यायचीय."

मोठे साहेब खुर्चीत मागे रेलले.

"कदम, बाईंची बदली झालीय. त्या बाराला जातायत."

कदम साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. भावाचा दंड धरून त्याला उठवलं.

"अजून वीस मिनिटं आहेत, सर."