दोनशे किलोच्या आत

खाणीकडून येणारा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे एक भुईकाटा आहे. त्याच्या शेजारच्या पत्र्याच्या खोपटात कित्येक वर्षं एक माणूस बसलेला होता. बसलेला, हाच शब्द बरोबर. बाकी काही तो करत असे असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर आळ घेणं होईल.

ट्रक लोखंडी पाटावर येऊन उभा राही. बाहेर खांबावरच्या फळीवर लाल आकडा उमटे. तो बटण दाबी, आणि पावती खिडकीतून बाहेर जाई. आधी रिकामी गाडी, मग भरलेली; मधला फरक म्हणजे माल. जगाकडे पाहायची त्याची रीतही तीच होती. लग्न, मैत्री, मरण, सगळं भरलेलं वजा रिकामं. ड्रायव्हर लोक त्याला टनभाऊ म्हणत. त्याच्या देहाकडे पाहून हे नाव ठेवलं गेलं होतं, पण तो ते पदवीसारखं मिरवत असे.

खिडकीवर एक पाटी होती. ती त्यानं स्वतः रंगवली होती: "दोनशे किलोच्या आतलं वजन होणार नाही. वाद घालू नये." भंगारवाला हातगाडी घेऊन आला की तो पाटीकडे बोट दाखवायचा.

"हा काटा हत्तींचा आहे, बाबा. उंदीर किराणा दुकानात नेऊन मोज."

"थोडंच आहे, भाऊ. अंदाज तरी सांगा."

"अंदाज बायको सांगते. काटा आकडा सांगतो."

हा काटा दहा-दहा किलोंच्या उड्या मारतो, मधलं काही त्याला दिसत नाही, हे तो पक्कं जाणून होता. माणूस मरण जाणतो ना, तसं. म्हणजे दुसऱ्यांपुरतं.

सगळं असं सुरळीत कुजत असताना मालकांना सुधारणा सुचली. गाडीत वर काय भरलंय ते खालच्या खोपटातून दिसत नाही, म्हणून काट्याशेजारी लोखंडी खांबांवर उंच केबिन बांधायची. वर जायला शिडी. नवं वर्ष लागलं की खोपट पाडायचं.

"तुमच्याबद्दल मला आदर आहे, टनभाऊ," मालक म्हणाले. "म्हणून आधीच सांगतो. जो चढेल तो वर बसेल."

आदर ही गोष्ट माणसाला नोकरीवरून काढताना फार उपयोगी पडते. टनभाऊ त्याच दुपारी शिडीशी गेला. चौथ्या पायरीवर गुडघ्यांनी कुरकुर केली, छातीत भाता चालू झाला, आणि वेल्डिंग करणारे दोघं हातातलं काम थांबवून पाहू लागले. तो तसाच उतरला.

"वेल्डिंग बघत होतो," तो म्हणाला. "ठीक आहे."

ही नोकरी गेली तर त्याला दुसरी कोण देणार होतं? बसण्याचा इतका दांडगा अनुभव असलेला माणूस जगात कुणालाच नको असतो. बायकोनं हात धरून त्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण बाई होत्या आणि त्या त्याला हसल्या नाहीत; रागावून उठून जायचं निमित्तच त्याला मिळालं नाही. रक्त तपासलं, साखर वाढलेली निघाली. घरात कुणाला गळ्यातल्या गाठीचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाचा त्रास कधी झाला का, असलं बरंच विचारून झाल्यावर त्यांनी वजन उतरवणाऱ्या, आठवड्याच्या इंजेक्शनचं पेन लिहून दिलं.

"आठवड्यातून एकदाच. ठरलेल्या वारी. सुरुवात अगदी कमी मात्रेनं. वाढवायची की नाही ते मी ठरवणार, तुम्ही नाही. पेन फ्रिजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. सुई दर वेळी नवी, आणि टोचायची जागाही बदलायची. भूक मरेल, म्हणून उपाशी राहायचं नाही. थोडं खा, पण डाळ, अंडी, दूध असलं खा. पाणी पीत राहा. पायांना रोज काम द्या, नाहीतर चरबीच्या आधी मांसच उतरेल. उलट्या थांबत नसल्या, किंवा पोटातली कळ पाठीत गेली, तर वाट न बघता यायचं. आणि दर महिन्याला इथे वजन करायला या."

टनभाऊनं कोपऱ्यातल्या काट्याकडे पाहिलं. काचेची एक चकती. खेळणं.

"यावर शिक्का कुठे आहे?"

"कसला शिक्का?"

"सरकारी. दरवर्षी तपासणी होते, त्याचा."

"तपासून घेते मी. चढा."

काचेनं एकशे चोवीस दाखवलं. सगळे लबाड असंच म्हणतात, तपासून घेतो म्हणून, असं मनात म्हणत तो थेट कामावर गेला. जेवणाच्या सुट्टीत, रस्ता रिकामा असताना, तो भुईकाट्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. खांबावर लाल आकडा उमटला: १२०.

पहिल्याच दिवशी चार किलोंचा घोटाळा उघडकीस आला होता. त्या बाईंच्या काचेवर पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

इंजेक्शन मात्र तो नेमानं घेत होता. ताटातलं अर्धं अन्न परत जाऊ लागलं. बायको सुरुवातीला दुखावली, मग उरलेल्या भाजीचं काय करायचं ते शिकली. महिना उलटला. लोखंडी पाटावर तो उभा राही आणि आकडा म्हणे, १२०. दुसरा महिनाही सरत आला. १२०. आकाशाखाली इतका निर्विकार आकडा दुसरा नसेल.

"अहो, विजार पार ढगळ झाली," बायको म्हणाली. "पट्ट्याला नवं भोक पाडलं मी. दुसरं."

"कापड सैल होतं. काटा सैल होत नाही."

"मग डॉक्टरांकडे जाऊन मोजा ना."

"त्या खेळण्यावर?"

डॉक्टरांकडे तो गेलाच नाही. औषधाच्या दुकानात जुनीच चिठ्ठी दाखवली, दुकानदारानं ती उलटूनसुद्धा न पाहता नवं पेन दिलं. वर केबिनचे पत्रे चढले, खिडक्यांना काचा लागल्या. नवं वर्ष तोंडावर आलं. आणि ज्या माणसानं जन्मभर एक किलो इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, त्यानं औषधात स्वतःची अक्कल घातली. चढावर गाडी दम टाकत असेल तर खालचा गिअर टाकायचा, एवढं कुठलाही ड्रायव्हर जाणतो. तो आठवड्यातून दोनदा टोचून घेऊ लागला. बायकोला सांगितलं नाही. बायका उगाच काळजी करतात.

मग उलट्या सुरू झाल्या. अन्न राहीना, नंतर पाणीही राहीना. जिभेला कोरड पडली, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. "औषध लागू पडतंय," तो स्वतःला म्हणाला. लागू पडत होतंच. विषही लागूच पडतं.

एका दुपारी तो पुन्हा पाटाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, वर पाहिलं, आणि खाली आला. लोखंडावर मोठा आवाज झाला. खडीचा एक ट्रक मागे थांबला होता. ड्रायव्हरला वाटलं, टनभाऊ आडवा होऊन काही तपासतोय. त्यानं दोनदा हॉर्न दिला, मग धावला.

बायको आली तेव्हा लोक गाडीची सोय करत होते. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन खोपटाच्या सावलीत बसली. बसल्या बसल्या तिची नजर पाटीवर गेली. तिनं पाटी वाचली. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाचली.

दवाखान्यात सलाईन लागल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आठवड्यातून किती वेळा घेत होता?"

तो छताकडे पाहू लागला.

"सांगा," बायको म्हणाली. "छत काय सांगणार?"

"दोनदा."

"का?"

"वजन हलत नव्हतं."

"कुठे मोजत होता?"

त्यानं चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"जिथे दोनशे किलोच्या आतलं वजन होत नाही, तिथे," बायको म्हणाली. "तशी पाटी आहे. यांच्याच अक्षरात. वाद घालू नये असंही लिहिलंय."

डॉक्टरांनी काचेची चकती पुढे सरकवली. बायकोनं आधार दिला. एकशे तेरा.

"अकरा किलो," डॉक्टर म्हणाल्या. "त्यातलं थोडं तुम्ही गेल्या चार दिवसांत ओकून टाकलेलं पाणी आहे, त्याचा अभिमान नको. बाकीचं चुकीच्या काट्यावर उभे असताना मुकाट्यानं उतरत होतं. तुमच्या मूत्रपिंडावर ताण आलाय. स्वादुपिंड वाचलं, ते नशीब."

"आता मात्रा?"

"आता काहीच नाही. रक्त सुधारलं की बघू, आणि घ्यायचं ठरलं तर सगळ्यात कमी मात्रेपासून."

"म्हणजे पहिल्यापासून?"

"पहिल्या पायरीपासून."

पायरी हा शब्द त्याला सलाईनच्या सुईपेक्षा जास्त टोचला. संध्याकाळी तो ड्रायव्हर भेटायला आला. खुर्ची ओढून, आवाज खाली आणून त्यानं बातमी दिली:

"टनभाऊ, तुम्ही पडलात ना, तेव्हा आकडा बदलला होता. एकशे दहा. मी डोळ्यांनी पाहिला."

काट्यानं अखेर कबूल केलं होतं. साक्षीला फक्त तो स्वतः शुद्धीवर नव्हता.

नव्या वर्षापर्यंत उरलेले दिवस त्यानं जिने चढण्यात घालवले. घरच्या इमारतीचा एक मजला, मग दीड. प्रत्येक वळणावर बायको खुर्ची घेऊन उभी. वजन तो आता काचेच्या चकतीवर करू लागला होता, आणि चकतीला शिक्का नाही ही गोष्ट पोटात गिळायला शिकत होता. रक्त सुधारल्यावर डॉक्टरांनी छोट्या मात्रेनं पुन्हा सुरुवात करून दिली. नवं पेन फ्रिजच्या दारात जाऊन बसलं.

उद्घाटनाच्या सकाळी शिडीच्या वरच्या टोकाला लाल फीत बांधली होती. मालक कात्री घेऊन चढू लागले. चौथ्या पायरीवर ते थांबले, कठडा धरून थोडा वेळ क्षितिज पाहिलं आणि उतरले.

"वेल्डिंग बघत होतो," ते म्हणाले. "ठीक आहे."

मग त्यांनी टनभाऊला खोपटामागे नेलं.

"तुमच्याकडे ते पेन आहे म्हणे. बारीक व्हायचं."

"आहे."

"एक द्या मला. खोपटाची तशी घाई काय आहे? राहू दे. तुम्ही खालीच बसा, आणखी दोन वर्षं बसा."

टनभाऊनं खोपटाकडे पाहिलं. आत त्याची खुर्ची होती, त्याच्या देहाचा साचा बनून गेलेली. एक पेन दिलं की ती आणखी दोन वर्षं त्याची. इतकं स्वस्त त्याला आयुष्यात काही मिळालं नव्हतं.

"साहेब, ते पेन माझ्या नावाचं आहे. मात्रा माझ्या रक्तावर ठरलेली. तुम्ही डॉक्टरांकडे जा."

"अहो, औषध तेच ना? तुमचं काय, माझं काय."

"दुसऱ्या गाडीचं रिकामं वजन धरून मी कधी पावती फाडलीय? मी स्वतःचंच चुकीचं धरलं तर चार दिवस सलाईनच्या बाटलीवर होतो."

मालकांचा आदर हळूहळू मावळला. "मग चढा वर," ते म्हणाले.

तो चढला. चढला म्हणजे, एका पायरीवर दोन्ही पाय, मग श्वास, मग पुढची पायरी. चौथीवर गुडघे बोलले. तो ऐकून घेत थांबला आणि पाचवीवर गेला. खाली ड्रायव्हर विड्या विझवून उभे होते. बायको शिडीखालीच उभी होती, जणू एकशे अकरा किलो ती ओंजळीत झेलणार होती. वर पोचल्यावर त्याला कळलं की कात्री मालकांकडेच राहिली आहे. त्यानं फीत दातांनी तोडली.

केबिनमधली नवी खुर्ची अरुंद होती. तो तिच्यात तिरका बसला. काचेतून सगळं दिसत होतं: ट्रकांची उघडी पोटं, खोपटाचं गंजकं छप्पर, आणि मालक. मालक आपल्याकडे कुणी पाहत नाही अशा समजुतीनं सावकाश लोखंडी पाटाच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. त्यांनी मान वर केली. लाल आकडा उमटला: १००.

"शंभर," मालक खूश होऊन ड्रायव्हरला म्हणाले. "बघ, गोल शंभर. मला उगाच जास्त वाटत होतं."

टनभाऊनं नवा माइक जवळ ओढला, बटण दाबलं, आणि त्याचा आवाज रस्ताभर घुमला.

"काट्यावरून उतरा, साहेब. दोनशे किलोच्या आतलं वजन इथे होत नाही."